मीठगाडी

आमच्या बँडचं नाव मीठगाडी.
पूर्वी दक्षिणेच्या खाऱ्या खाडीवरून
बैलगाड्यांतून मीठ यायचं,
आणणारे वाटेत मरायचे, गाणी घरी पोचायची.
हे ओरिस्या सांगते. मला एवढंच कळलं होतं
की नाव टी-शर्टावर चांगलं दिसेल.

पोल्ताव्हात बटणांचा कारखाना होता, त्याचं तळघर आमचं.
ड्रम सरकवला की खाली अजून सापडतात
चार भोकांची, दोन भोकांची,
एकदा एक बिनभोकाचं.
ते मी खिशात ठेवलंय.

वीज दिवसातून चार तास. बाकी जनरेटर,
जिन्यात साखळीनं बांधलेला,
वळूसारखा धुसफुसत एकाच सुरात घुमतो.
गिटारी आम्ही त्याच्यावरच लावतो.
तो जरा चढा, म्हणून आम्हीही जरा चढे.

बेस वाजवणारा यारेमा मार्चपासून इथे नाही.
त्याची गिटार कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून.
जाताना म्हणाला, माझी जागा भरू नका.
जिन्यात थांबून म्हणाला, किंवा भरा.

परास्का तिखोनिव्ना डेअरीत एकतीस वर्षं हिशेबनीस.
ती कोट न काढता गाते,
गळ्यातून नाही, थेट कपाळाच्या हाडातून,
या बांधावरून त्या बांधावर हाक जावी तशी.
माइक तिनं बाजूला सारला,
जेवताना नको असलेली वाटी सारावी तसा.

मी चारात मोजतो.
तिची ओळ साडेपाचावर संपते, पुढची सातावर,
एक तर संपतच नाही, नुसती कड ओलांडून जाते.
तिसऱ्यांदा माझी काठी तिच्या श्वासावर पडली.
ती थांबली.
"बाळा, तू कुणाची वाट बघतोयस?"
मी म्हणालो, पुढच्या मात्रेची.
"शब्द संपला की थांबायचं. त्यात मोजायचं काय?
जन्मभर लिटर मोजले मी. इथे नाही मोजत."

मग काठ्या ठेवल्या.
हातानंच वाजवू लागलो, तिच्या ओठांकडे बघत.
ओरिस्यानं पेडल दाबलं,
तार गंजक्या फाटकासारखी किंचाळली.
वाटलं, आता ही पर्स उचलणार.
तिनं फक्त मफलर सैल केला
आणि त्या किंचाळण्यात आपला सूर रोवला,
चिखलात खांब रोवावा तसा.

गाण्यात एक बाई आहे.
मीठ आणायला गेलेल्याचा सदरा ती धुते,
वाळवते, घडी घालते, पुन्हा धुते.
सदरा मळलेला नाही.
एवढंच गाणं.

तिसऱ्या घडीला वीज आली.
ट्यूबलाइट फडफडली, जनरेटर बंद झाला
आणि गाण्याखालची जमीन गेली.
कोपऱ्याकडे कुणी पाहिलं नाही,
म्हणजे तिघांनीही पाहिलं.

परास्कानं डोळे मिटले नाहीत की हात उचलला नाही.
ती नुसती खाली उतरली,
तिच्या आवाजाला इतक्या पायऱ्या असतील
असं वाटलंच नव्हतं,
पार तळाशी, खरखरीत,
जरा चढा,
तोच सूर.
वरची ओळ ओरिस्याला सापडली.
मी मोजलं नाही.

रेकॉर्डिंगच्या शेवटी तिचा खोकला आहे,
खुर्चीची करकर, आणि तिचा प्रश्न,
साडेआठची ट्रॉलीबस अजून
बेकरीपाशीच थांबते का.
ल्युबोमिर म्हणतो, हे कापू या.
ओरिस्या म्हणते, हात लावून बघ.

परवा यारेमाला फाइल पाठवली.
काल उत्तर आलं, दोनच शब्द:
बेस कोण?

ओरिस्या अजून लिहितेय.
तीनदा खोडलं तिनं.